तिसरं काडतूस

आज काहीही झालं तरी बाबांच्या गळ्यातली किल्ली घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं रीथाने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

किल्ली बंदुकांच्या कपाटाची. बुटाच्या जुन्या नाडीत ओवून व्हर्लन स्टिडहम ती गळ्यात घालत आणि आंघोळीलाही काढत नसत. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरायचे, कान सोयीप्रमाणे ऐकायचे. पण नोव्हेंबरात बदकांचा हंगाम उघडला की आर्कान्सामधल्या त्या भातशेतीच्या मुलखात सगळ्यांच्या आधी तेच तयार होऊन बसलेले असत. गेली तीसेक वर्षं चर्चच्या तळघरात ते नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घेत होते. गावातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून परवान्यापर्यंत पोचली होती आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांनी निदान एकदा तरी नापास केलं होतं.

पण उन्हाळा संपता संपता एक दिवस त्यांनी शेगडीवर घेवड्याचं पातेलं ठेवलं आणि कुत्रीला खायला घालायला म्हणून ते जे बाहेर गेले ते विसरूनच गेले. भिंत काळी झाली. पुढच्या महिन्यात कॉफीचं भांडं जळालं. मधल्या काळात एकदा त्यांनी रीथाला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. रीथा त्या हाकेला "ओ" देऊन मोकळी झाली, आणि मग गाडीत बसून पुष्कळ रडली.

मेम्फिसला असलेला भाऊ फोनवर म्हणाला, "तू बघ ना, तुला जमतं." म्हणजे नेहमीचंच. रीथा शाळेची बस चालवायची, पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवायची. पण वडिलांपुढे तिचं काही चालत नसे. शेवटी तिने सौदा केला.

"हंगामाचा पहिला दिवस तुमचा. पण त्या दिवशी बंदुकीच्या बाबतीत एक जरी चूक झाली, तर किल्ली माझी."

"आणि नाही झाली तर?" बाबांनी विचारलं.

"नाही झाली तर मी परत विषय काढणार नाही."

"मरेपर्यंत?"

"कोणाच्या?"

"जो आधी जाईल त्याच्या," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

तर असे ते दोघं त्या शनिवारी पहाटे पाणी भरलेल्या खाचरात, बांधालगतच्या लपणात बसले होते. लपण म्हणजे जमिनीत पुरलेली लोखंडी पेटी, वरून वेताने झाकलेली. समोर पाण्यावर लाकडाची फसवी बदकं डुलत होती. बाकड्याच्या टोकाला डचेस नावाची काळी कुत्री थंडीने आणि उत्साहाने थरथरत होती.

रीथा डोळ्यांत तेल घालून चूक शोधत होती. चूक काही होईना. लपणात उतरताना बाबांनी बंदूक उघडून, रिकामी करून तिच्या हातात दिली. मग स्वतः उतरले आणि मग परत घेतली. काडतुसं शिशाची नव्हती, कायद्याप्रमाणे पोलादी छऱ्यांची होती. कायदेशीर वेळ सुरू व्हायला अजून काही मिनिटं होती, तेव्हा बदकांचा एक थवा अगदी डोक्यावरून गेला. तिचा हात बंदुकीकडे गेला तसे बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटले, "घाई करू नकोस. जातील कुठे, भात इथेच आहे."

तिला बरं वाटत होतं आणि त्याच वेळी वाईटही वाटत होतं. आपला बाप चुकावा म्हणून आपण टपून बसलोय, हे काही चांगलं वाटण्यासारखं नव्हतं. पण काळी झालेली भिंत आठवली की ती पुन्हा ताठ बसत होती.

उजाडलं. बाबांनी पिपाणी ओठाला लावून मादीसारखा एक लांब, रेंगाळणारा आवाज काढला. वरून चाललेल्या पाचसहा बदकांनी पंख वळवले, एक गिरकी घेतली आणि पाय सोडून ती खाली उतरू लागली. बाबा उठले ते तरुण माणसासारखे. एकच आवाज झाला. हिरव्या डोक्याचा एक मोठा नर पाण्यावर आपटला आणि पुन्हा हलला नाही.

"कशी आहे नजर?" डचेसच्या तोंडातून बदक घेत बाबांनी विचारलं.

"नजरेबद्दल मी कुठे काय म्हटलंय," रीथा म्हणाली.

"म्हणायला जागाच ठेवली नाही मी."

खरंच ठेवली नव्हती. रीथाने थर्मासमधली कॉफी ओतली, सॉसेज घातलेला पाव कागदातून काढून त्यांना दिला आणि मनातल्या मनात हार मानायची तयारी सुरू केली. तेवढ्यात बांधावरून चार जाड चाकांची छोटी उघडी गाडी घरघरत आली.

गाडीतून लॉनी प्रॅथर उतरला. हा त्या भागाचा शिकारीवरचा वॉर्डन. आडव्या अंगाचा, लाल गालांचा, चाळिशीतला. बाबांच्या वर्गात पहिल्या वेळी नापास झालेला.

"गुड मॉर्निंग, मास्तर. परत मिळाली म्हणायची या वर्षी परवानगी?"

"परवानगी द्यायला ही कोण लागून गेली," बाबा रीथाकडे बोट दाखवून म्हणाले. "तपास आमच्या बंदुका. आणि नीट तपास. नाहीतर परत वर्गात बसवीन."

लॉनी हसला. आधी त्याने रीथाची बंदूक घेतली. उघडली, रिकामी असल्याचं पाहिलं, आणि खालच्या बाजूने मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीत, एकेक काडतूस सारायला लागला. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरं अर्ध्यावर अडलं. त्याने मान डोलावली आणि बंदूक परत दिली.

ही तपासणी त्या मुलखातलं शेंबडं पोरही ओळखतं. बदकांवर जाताना बंदुकीत सगळी मिळून तीनच काडतुसं मावली पाहिजेत. मॅगझिनमध्ये दोन, वर चेंबरमध्ये, म्हणजे बार उडतो त्या जागी, एक. बंदुका पाच घेणाऱ्या असतात, म्हणून मॅगझिन खोलून आत एक लाकडी खुंटी घालायची, म्हणजे तिसऱ्याला जागाच उरत नाही. बाबा वर्गात हेच शिकवत आणि दर वर्षी कोणीतरी हुशार पोरगं हात वर करून विचारत असे की, मी दोनच भरली तर खुंटी कशाला हवी? मग बाबा चष्मा काढत. "कायदा तुझ्या मनात डोकावायला येत नाही, बाळा. तू किती भरलीस हे तो विचारत नाही. किती मावतात, तेवढंच विचारतो." हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की गावात लोक जेवणाच्या पंगतीतही एकमेकांना ऐकवत.

लॉनीने बाबांची बंदूक घेतली. पहिलं काडतूस गेलं. दुसरं गेलं. तिसरं त्याने सवयीने नुसतं टेकवलं, आणि तेही खट्कन आत गेलं.

लॉनीचं हसू तिथेच राहिलं. त्याने चौथं लावून पाहिलं. तेही गेलं.

"असं होणार नाही," बाबा म्हणाले. "खुंटी आहे आत. मी स्वतः घातलीय. हिच्या आईच्या झाडूचा दांडा तासून केलीय."

"मास्तर, चारही गेली."

"परत बघ."

लॉनीने काडतुसं काढली आणि परत भरली. पुन्हा चारही आत गेली.  बंदूक गुडघ्यावर आडवी धरून तो बांधावर उकिडवा बसून राहिला. रीथा बाबांकडे बघत होती. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते तिला बघवेना. रस्ता चुकलेल्या माणसासारखे ते कधी बंदुकीकडे, कधी पाण्याकडे बघत होते.

"फेब्रुवारीत काढली असेन," ते हळूच म्हणाले. "हंसांच्या वेळी. हो, तेव्हाच. काढली असेन आणि घालायची राहिली."

फेब्रुवारीत पांढऱ्या हंसांसाठी खुंटीची अट नसते. त्यांची संख्या इतकी वाढलीय की सरकारच म्हणतं, हवी तेवढी काडतुसं भरा. तेव्हा जो तो खुंटी काढतो, आणि नोव्हेंबरात परत घालायला एखादा तरी विसरतोच. त्या विसरणाऱ्यांची बाबा वर्गात नावं घेऊन टर उडवत असत.

"आठवत नाही मला," बाबा म्हणाले. "काढलेली आठवतच नाही, रीथा."

त्यांनी टोपी काढली. मग मान वाकवून नाडी डोक्यावरून काढली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. लॉनीच्या देखत.

"तुझं बरोबर होतं. घे. मी वर्गही सोडतो. ज्याला स्वतःची बंदूक आठवत नाही त्याने पोरांना काय शिकवायचं?"

किल्ली त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होती. इतके दिवस रीथाला जी हवी होती ती अशी, भांडणाशिवाय, आपण होऊन हातात आली होती. तिने मूठ मिटली. बाबांचे खांदे खाली आले होते आणि ते एकदम लहान दिसायला लागले होते.

लॉनीने खाकरून घसा साफ केला. "मला पावती फाडावी लागेल, मास्तर. आणि तुझाही परवाना दाखव, रीथा. एकदा लिहायला बसलो की सगळंच लिहावं लागतं."

रीथाच्या शिकारीच्या जाकिटाला देवाने नाही तरी शिंप्याने खिसे भरपूर दिले होते. छातीवरच्या खिशात परवाना नव्हता. बाजूच्या खिशात पिपाणी होती. आतल्या, पाठीकडच्या खोल खिशात तिने हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. लाकडाचं, वीतभर, बोटाएवढं जाड. टोकाला चाकूने पाडलेली खाच.

ती खाच तिला बघायची गरज नव्हती. आईच्या झाडूचा दांडा तासून झाल्यावर बाबांनी तिच्यासमोरच पाडली होती ती.

फेब्रुवारी तिला लख्ख आठवला. बाबा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते. तिची बंदूक दुरुस्तीला गेलेली. शेजारच्या शेतकऱ्याचा गहू हंस खाऊन टाकत होते, म्हणून तो गयावया करत आला होता. तापात असलेल्या बाबांनी स्वतःच नाडी काढून किल्ली तिला दिली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून तिनेच मॅगझिन खोललं, खुंटी काढली आणि खिशात टाकली. संध्याकाळी बंदूक पुसून कपाटात ठेवली आणि किल्ली झोपलेल्या बाबांच्या गळ्यात परत घातली. जाकीट गॅरेजमध्ये टांगलं, ते आज पहाटे काढलं.

हात खिशातच होता. बाहेर काढला नाही तरी चालणार होतं. किल्ली दुसऱ्या मुठीत होती. शेगडी खरी होती, भिंत खरी होती. आज ना उद्या किल्ली घ्यावी लागणारच होती, आणि इतक्या सरळपणे ती पुन्हा कधीच मिळणार नव्हती. शांत बसायचं, परवाना शोधायचा, घरी जायचं. कोणाचं काय बिघडणार होतं?

बाबा टोपी हातात धरून बसले होते. पुटपुटत होते, "काढली असेन... मीच काढली असेन." जे घडलंच नव्हतं ते आठवायचा जीव तोडून प्रयत्न चालला होता त्यांचा. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांना ते आठवलंही असतं.  किल्ली घ्यायची होती तिला, बाबांचा स्वतःवरचा भरवसा काढून घ्यायचा नव्हता.

तिने खुंटी काढून लॉनीच्या गुडघ्यावर ठेवली.

"मी काढली. फेब्रुवारीत यांना न्यूमोनिया होता. मी यांची बंदूक नेली, खुंटी काढली आणि परत घातली नाही. यांचा काही संबंध नाही. पावती माझ्या नावाने फाड."

 तेवढ्यात डचेसने अंग झाडलं आणि तिघांवर पाणी उडवलं.

बाबांनी हात लांब करून खुंटी उचलली. अंगठा खाचेवरून फिरवला. मग रीथाकडे बघितलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही, बाबा."

"मी काढलीच नव्हती, तर आठवणार कुठून?"

"तेच म्हणतेय मी." तिने किल्लीची नाडी त्यांच्या गळ्यात परत घातली. "सौदा तुम्ही जिंकलात. मी विषय काढणार नाही."

लॉनीने पेन काढलं. "मग नाव रीथाचं घालू?"

"माझं घाल," बाबा एकदम खणखणीत आवाजात म्हणाले. "गोळी कोणी झाडली? बंदूक कोणाच्या हातात होती? दोनदा वर्गात बसलास आणि एवढंही कळत नाही?"

"पण मास्तर, चूक तर हिची..."

"हिची चूक हिच्यापाशी. बंदूक हातात घेतली की तपासायची, मग ती देवाकडून आलेली असो. मी तिसरं काडतूस लावून बघितलं का घरी? नाही बघितलं. लिही. व्हर्लन, व ला ह जोडून."

लॉनीने लिहिलं. बाबांनी सही केली ती लग्नात साक्षीदार म्हणून करावी अशा थाटात. पावतीची प्रत घडी करून वरच्या खिशात ठेवली. "गुरुवारच्या वर्गात दाखवीन. दर वर्षी दुसऱ्यांची नावं घ्यायचो. या वर्षी माझं."

"बदक मात्र मला न्यावं लागेल," लॉनी खाली बघत म्हणाला.

हे त्यांना पावतीपेक्षा लागलं. त्यांनी हिरव्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि बदक त्याच्या स्वाधीन केलं. "एका गोळीत पाडलं होतं," ते म्हणाले. "तेही लिही."

गाडी बांधावरून दिसेनाशी झाली. बाबांनी बंदूक मांडीवर घेतली, मॅगझिनचं टोपण फिरवलं. आतली लांब स्प्रिंग उसळी मारून खाचरात पडू नये म्हणून अंगठा दाबून धरला. रीथाने खालून हाताला आधार दिला. त्यांनी तो नाकारला नाही. खुंटी स्प्रिंगच्या आत सरकवली, टोपण घट्ट केलं आणि काडतुसं घालून पाहिली. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरं अडलं. त्यांनी ते दोनदा लावून पाहिलं, मग रीथाच्या हातात दिलं.

"तू पण बघ."

तिनेही लावून पाहिलं. जात नव्हतं.

मग दोघं गार कॉफी पीत बसले. वारा पडला होता. आभाळात काहीच नव्हतं.

"शेगडी मीच विसरलो," बाबा म्हणाले.

रीथा गप्प राहिली. विषय काढणार नाही असा शब्द दिला होता तिने.

"दोन्ही वेळा मीच. आणि तुला एडनाच्या नावाने हाक मारली, तेही माहितेय मला. तू ओ दिलीस, तेव्हाच कळलं." ते पाण्याकडे बघत होते. "मी वर्गात काय सांगतो?"

"बाबा, राहू दे आता."

"सांग ना. सगळ्या गावाला पाठ आहे."

"किती भरली ते नाही," रीथा म्हणाली.  "किती मावतात ते."

"हं. बंदुकीच्या बाबतीत अजून काही विसरलेलो नाही मी. आजसुद्धा नाही. पण किती मावतात म्हणून विचारलंस, तर..." त्यांनी डोक्याला बोट लावलं. "इथे तिसरं काडतूस लावून बघता येत नाही, पोरी."

त्यांनी टोपी काढली. नाडी पुन्हा डोक्यावरून ओढली. या वेळी मान वाकवली नाही, सरळ बसून काढली, आणि तिच्या गळ्यात घातली.

"सौदा तर मी जिंकलो, तेव्हा अटी माझ्या. कपाट माझ्याच घरात राहील. हंगामातल्या दर शनिवारी तू यायचंस, उघडायचंस, आणि मला इथे आणायचंस. पाऊस असो, थंडी असो, तुझ्या बसचं चाक पंक्चर असो. एक शनिवार चुकवलास तर काच फोडीन मी कपाटाची."

"नाही चुकवणार."

"लिहून देतेस?"

"वर्गात बसवाल ना नाहीतर."

बाबा हसले. ती हसू शकली नाही. तिने किल्ली शर्टाच्या आत टाकली. मघासारखीच ती अजून गरम होती. हीच हवी होती आपल्याला, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, आणि मान वळवली.

उत्तरेकडून पंखांची शिट्टी ऐकू आली. बाबांचे कान सोयीचे होते, आणि आता ऐकायची सोय होती. त्यांनी पिपाणी ओठांशी नेली आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा दाबला.

"डोकं खाली घे," ते कुजबुजले. "दिसतेयस."